वाचकांचे प्रश्न : वजनकाट्याचा संगणक आणि जाणारी लाइन

प्रश्न : आमच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरील जुन्या संगणकावर लिनक्स असून काट्याच्या नोंदी एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये साठतात. कापसाच्या हंगामात गाड्यांची रांग लागली की संगणक फार रेंगाळतो. ओळखीच्या एका मुलाने ईएक्सटी४ फाइल सिस्टिम (डिस्कवरील फाइलींची मांडणी सांभाळणारी व्यवस्था) माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडताना, ‘नोएटाइम’, ‘डेटा=रायटबॅक’, ‘बॅरियर=०’ आणि ‘कमिट=६०’ हे चार पर्याय घालायला सांगितले आहे. आमच्याकडे लाइन केव्हा जाईल याचा नेम नसतो. हे पर्याय घालावेत का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : चारपैकी पहिला पर्याय खुशाल घालावा, दुसरा आणि तिसरा मुळीच घालू नयेत. चौथ्याने आपल्या कामात फारसा फरक पडणार नाही.

‘नोएटाइम’मुळे फाइल नुसती वाचली तरी तिच्या वाचनाची वेळ डिस्कवर लिहिण्याचा उद्योग थांबतो. मात्र २००९ पासून लिनक्स मुळातच ही वेळ क्वचित लिहिते, त्यामुळे लाभ थोडाच आहे. तोटा काही नाही.

खरा प्रश्न ‘बॅरियर’चा आहे. हार्ड डिस्कमध्ये तिची स्वतःची काही मेगाबाइटची तात्पुरती स्मृती असते. मजकूर या स्मृतीत पोहोचला की डिस्क ‘लिहिले’ असे कळवून मोकळी होते आणि प्रत्यक्ष तबकडीवर तो सवडीने, स्वतःला सोयीच्या क्रमाने उतरवते. वीज गेली की ही स्मृती पुसली जाते. बॅरियर चालू असेल तर योग्य वेळी ती स्मृती रिकामी करण्याचा हुकूम फाइल सिस्टिम डिस्कला देते आणि काम पूर्ण झाल्याचे उत्तर येईपर्यंत थांबते. आपला डेटाबेस प्रत्येक नोंदीनंतर याच उत्तराची वाट पाहतो. बॅरियर बंद केल्यास उत्तर लवकर येते, पण त्याला अर्थ उरत नाही.

काट्यावर याची किंमत काय पडते ते पाहा. भरलेली गाडी काट्यावर येते, वजनाची नोंद होते, कापूस गंजीवर रिकामा होतो आणि मग रिकाम्या गाडीचे वजन घेतले जाते. पहिली नोंद झाल्याबरोबर लाइन गेली आणि ती नोंद तबकडीवर उतरलेलीच नसेल, तर रिकामी गाडी पुन्हा तोलता येईल; गंजीत मिसळलेला कापूस मात्र वेगळा काढून तोलता येणार नाही. मग शेतकऱ्याशी वाद घालण्याखेरीज हाती काही राहत नाही. आता वाचणारा वेळ मोजू. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा सुमारे ८ मिलिसेकंदांत होतो. एक नोंद पक्की करायला असे अनेक फेरे लागले, तरी एवढ्या वेळात चालक गाडीतून खालीही उतरलेला नसतो. सेकंदाचा हा अंश वाचवण्यासाठी बॅरियर काढण्याचा सल्ला कोण आणि कोणत्या यंत्रासाठी देतो, हे विचारून घ्यावे. स्वतःची बॅटरी असलेल्या मोठ्या सर्व्हरच्या कंट्रोलरसाठी तो एके काळी ठीक होता.

‘डेटा=रायटबॅक’चा धोका निराळा आहे. ईएक्सटी४ आपल्या जर्नलमध्ये, म्हणजे होणारे बदल आधी टिपून ठेवण्याच्या वहीत, सहसा फाइलींची नावे, आकार, जागा एवढ्याच गोष्टी नोंदवते, आतील मजकूर नोंदवत नाही. म्हणून ‘जर्नल आहे, तेव्हा माहिती सुरक्षित’ ही समजूत अर्धवट आहे. जर्नल रचना सांभाळते. मूळच्या ‘ऑर्डर्ड’ पद्धतीत निदान मजकूर आधी आणि त्याच्या जागेची नोंद नंतर, असा क्रम पाळला जातो. ‘रायटबॅक’मध्ये हा क्रम सुटतो आणि वीज गेल्यावर फाइलचा आकार बरोबर, पण आत कुठल्या तरी जुन्या फाइलचा केरकचरा, असा प्रकार घडू शकतो. ‘कमिट’ म्हणजे साठलेले बदल डिस्कवर उतरवण्याची मुदत; ती मुळात ५ सेकंदांची आहे. ती ६० केली तरी डेटाबेस स्वतः आग्रह धरून नोंद तत्काळ लिहून घेतोच. असा आग्रह न धरता साठवलेल्या इतर फाइलींचे नुकसान तेवढे वाढेल.

मग संगणक रेंगाळतो कशाने? तो नोंद जतन करताना अडतो की गाडीचा क्रमांक टाकून जुनी नोंद शोधताना, हे आधी पाहावे. शोधताना अडत असेल, तर त्या रकान्यावर इंडेक्स (शोधसूची) नसण्याची शक्यता मोठी आहे. तसे असल्यास प्रत्येक शोधासाठी साऱ्या हंगामांच्या नोंदी पहिल्यापासून वाचल्या जातात. कार्यक्रम लिहिणाऱ्याकडून इंडेक्स करून घ्यावा आणि ‘सिंक्रोनस’ ही मांडणी (नोंद डिस्कवर उतरेपर्यंत डेटाबेसने थांबायचे की नाही, हे ठरवणारी) त्याने वेगासाठी ‘ऑफ’ तर केली नाही ना, हेही त्याच भेटीत विचारावे. ती बंद असेल तर फाइल सिस्टिम कितीही नीट ठेवली तरी नोंद पक्की होणार नाही. त्यानंतर मेमरी अपुरी पडून तिच्यातील मजकूर डिस्कवर हलवला जातो आहे का (यालाच स्वॅप म्हणतात), ते तपासावे. एवढ्यावरही भागले नाही, तर एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, घ्यावी. तिने जो वेग येईल तो या चारही पर्यायांनी येणार नाही. साध्या एसएसडीलाही बॅरियर लागतोच.

इन्व्हर्टर असेल तर त्याचे बटण ‘यूपीएस’कडे ठेवावे. दुसऱ्या स्थितीत वीज बदलताना एवढा वेळ जाऊ शकतो की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि इन्व्हर्टर असून नसल्यासारखा. रोज संध्याकाळी डेटाबेसची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, मात्र चालू असलेली फाइल नुसती उचलून नव्हे, तर एसक्यूलाइटच्या स्वतःच्या बॅकअप आज्ञेने.

प्रश्न : शाळेचे फोटो आणि हजेरीचे तक्ते पेन ड्राइव्हवर ठेवतो. फाइली वारंवार बिघडतात. दोष पेन ड्राइव्हचा का?
— एक शिक्षक, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : असू शकेल; पण आधी काढण्याची पद्धत तपासावी. पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते आणि दोहोंनाही जर्नल नाही. लिहिणे चालू असताना ड्राइव्ह ओढला, तर मजकूर आणि जागेचा तक्ता यांचा मेळ बिघडतो. प्रत घेतल्याची पट्टी पूर्ण झाली तरी मजकूर संगणकाच्या स्मृतीत बाकी असू शकतो, म्हणून दर वेळी ‘इजेक्ट’ करून, काढायला हरकत नाही असा संदेश आल्यावरच ड्राइव्ह काढावा. एवढे पाळूनही बिघाड होत राहिला, तर ड्राइव्ह बदलावा. हजेरीचे तक्ते मात्र संगणकावरच ठेवून पेन ड्राइव्हवर त्यांची केवळ प्रत असावी.