जॅझवरच्या वादात सहकारी मुलीच्या आवडीला ‘पार्लरचं संगीत’ म्हटलं, तर त्यात एवढं काय चुकलं?

तुमची हकिकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ऑफिसात तुम्ही चौघं जॅझवेडे. माइल्स डेव्हिस मोठा की कोल्ट्रेन, यावर डबे गार होईपर्यंत भांडता. टीममध्ये नवीन आलेली एक मुलगी तुमच्या टेबलावर बसायला लागली आणि एक दिवस म्हणाली, “मला केनी जी आवडतो.” तुमचे सीनियर म्हणाले, “ते ब्यूटी पार्लरमध्ये लावतात. मुलींना तेवढंच झेपतं.” पुढच्या आठवड्यात त्यांनीच सॅक्सोफोन वाजवणाऱ्या एका बाईचा व्हिडिओ फोनवर सगळ्यांना दाखवला आणि तिच्या ओठांवर काहीतरी बोलले. सगळे हसले, तुम्हीही हसलात. तेव्हापासून ती मुलगी स्वतःच्या जागेवर बसून डबा खाते. तुम्ही विचारता की आवडीनिवडीवरून चेष्टाही करायची नाही का, आणि आता तुम्ही काय करावं.

चेष्टा खुशाल करा. जॅझ ऐकणारी माणसं भांडली नाहीत तर मलाच चुकल्यासारखं वाटेल. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन १९५९ साली न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये वाजवायला लागला तेव्हा बड्याबड्या वादकांमध्ये दोन तट पडले. कुणी म्हणे हा नवा रस्ता काढतोय, कुणी म्हणे याला वाजवताच येत नाही. केनी जीवरही कमी आग पाखडली गेलेली नाही. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या जुन्या गाण्यावर त्याने आपला सॅक्सोफोन चढवला, तेव्हा गिटारवादक पॅट मेथिनीने २००० साली त्याच्यावर जे लिहिलं ते आजही जहाल वाटतं. पण त्यात कारणं होती. सूर कुठे हलतो, लय कशी ढिली पडते, ठरावीक चारपाच जागा कशा फिरवून फिरवून येतात, सगळं होतं. ते वाचून केनी जीच्या चाहत्यालाही उलट उत्तर देता येतं, की बाबा, मला तो सूर हललेला वाटत नाही, पुन्हा ऐकू या.

“मुलींना तेवढंच झेपतं” याला ती काय उत्तर देणार? तिने मांडलेला मुद्दा तिथेच संपला आणि ती स्वतः मुद्दा झाली. वाद तबकडीशी होता तो ऐकणारीवर वळवला. मला तुमच्या टेबलावर नेमकं हेच खटकलं, आणि फार ओळखीचं वाटलं.

मी १९९४ साली फोर्टमधल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये लागले. जॅझ मला घरातून मिळालं. वडील रेल्वेत कारकून, आणि रात्री शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओवर जॅझचा कार्यक्रम करणारा विलिस कोनोव्हर ऐकल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. खरखरीतून ट्रम्पेट वर आलं की ते नुसतं बोट उचलायचे, म्हणजे आम्ही गप्प. ऐंशीच्या दशकात धोबी तलावच्या रंगभवनात जॅझ यात्रा भरायची तेव्हा ते मला बरोबर न्यायचे. तुला कळेल का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते किती मोठं होतं हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

आमच्या विभागाच्या साहेबांनाही जॅझचा नाद होता. शनिवारी अर्धा दिवस असायचा. काम आटोपलं की ते ड्रॉवरमधून छोटा टेपरेकॉर्डर काढून कॅसेट लावायचे आणि तिघंचौघं भोवती जमायचे. एका शनिवारी आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’ बँडची कॅसेट होती. मी म्हटलं, “सगळे ट्रम्पेट ऐकतात, पण खालून पियानो कसा धरून ठेवतोय बघा. लिल हार्डिन आहे ती.” साहेब म्हणाले, “बाई आहे होय? मग नवऱ्यानेच घेतली असणार बँडमध्ये.” सगळे हसले. वर एकजण म्हणाला, “यांनाही कुणीतरी शिकवलंच असेल की.” माझ्या हातात व्हाउचरं होती, मी त्यांना टाचण्या लावत राहिले. घरी निघताना पाहिलं तर एकाच व्हाउचरला तीन टाचण्या.

उत्तर मला येत होतं. लुई शिकागोला येण्याआधीच लिल किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये पियानोवर होती. लुईशी तिचं लग्न नंतर, १९२४ मध्ये झालं. ऑलिव्हरच्या मागे दुसऱ्या नंबरचा वादक म्हणून किती दिवस उभा राहणार, बाहेर पड, असं नवऱ्याला तिने लकडा लावून सांगितलं. हॉट फाइव्हचं रेकॉर्डिंग १९२५ चं. म्हणजे कोणी कोणाला पुढे आणलं हे साहेबांनी नेमकं उलटं सांगितलं होतं. पण उत्तर दिलं असतं तर मी आगाऊ ठरले असते, आणि माझा वार्षिक शेरा त्यांच्याच हातात होता. पुढच्या शनिवारी मी “आई वाट बघतेय” म्हणून निघून गेले. त्यानंतर त्या ऑफिसात होते तोवर जॅझविषयी चकार शब्द काढला नाही. साहेबांना वाटलं असेल, हिचा नाद सुटला.

तुमच्या ऑफिसातली मुलगी जागेवर बसून डबा खाते ना, तिचंही हेच झालंय. ती रुसलेली नाही. वरिष्ठ माणूस बोलतो तेव्हा समोरच्याला बरोबरीने भांडता येत नाही, म्हणून ती तिथून उठली. तुम्हा चौघांना ते टेबल कट्टा वाटतं. तिच्या लेखी ते ऑफिसच आहे.

आता त्या झेपण्याबद्दल. १९५१ मध्ये ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिजने समीक्षक लेनर्ड फेदरशी पैज लावली, की नाव न सांगता तबकडी लाव, वाजवणारा गोरा की काळा हे मी नुसतं ऐकून ओळखतो. फेदरने एकेक तबकडी लावली आणि एल्ड्रिज पैज हरला. एल्ड्रिजएवढ्या कानाचा माणूस! आणि बायकांचा हात ओळखू येतो, बायकांची आवड ओळखू येते, असं आपण छातीठोकपणे सांगतो. तुमच्या सीनियरना माझ्याकडून एक विचारा. ऑर्नेट कोलमनच्या त्या ऐकायला अवघड समजल्या जाणाऱ्या संगीतात १९७१ च्या रेकॉर्डिंगला गायली कोण? मुंबईत जन्मलेली आशा पुथली. ते कुठल्या पार्लरमध्ये लागत असेल असं मला वाटत नाही.

याच फेदरची दुसरी गोष्ट मात्र वाईट आहे. इंग्लंडहून आलेल्या पियानोवादक मॅरियन मॅकपार्टलंडबद्दल त्याने लिहिलं होतं की हिचं काही जमायचं नाही, ही इंग्रज, गोरी आणि बाई. नावं झाकून, जणू डोळ्यांवर पट्टी बांधून, इतरांचे कान तपासणाऱ्या माणसाने स्वतःची पट्टी अशी सोडली. १९५८ साली हार्लेममध्ये आर्ट केनने काढलेला ५७ जॅझवादकांचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. त्यात बायका तीन. त्यांतली एक ही मॅरियन, शेजारी उभ्या असलेल्या मेरी लू विल्यम्सशी बोलतेय. तिसरी मॅक्सीन सुलिव्हन. पुढे मॅरियनने अमेरिकन रेडिओवर जॅझ पियानोचा कार्यक्रम तीस वर्षांच्या वर चालवला.

मेल्बा लिस्टनची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. ट्रॉम्बोन वाजवायची आणि बँडसाठी संगीतरचना लिहून द्यायची. १९५६ मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याने ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीचा बँड इराण, पाकिस्तान, तुर्कस्तान असा दौऱ्यावर पाठवला, त्यात डिझीने तिला बोलावून घेतलं. बँडमध्ये कुजबुज सुरू झाली, की एवढ्या लांबून कॅलिफोर्नियातून एक बाई कशाला आणायची? शब्द याहून घाणेरडे होते. डिझीने तालमीला तिनेच लिहिलेली रचना सगळ्यांपुढे ठेवली. तालाची दोन आवर्तनं होतात न होतात तोच पुरुषमंडळी अडखळली. कुजबुज बंद. नंतर ती सांगायची की त्या दिवसापासून मी सगळ्यांची बहीण, आई आणि मावशी झाले.

पूर्वी मला ही गोष्ट विजयाची वाटायची. आता वाटत नाही. नव्या आलेल्या पुरुषाला अशी परीक्षा द्यावी लागली नसती. आणि पास झाल्यावर तिला मिळालं काय, तर मावशीपण. नुसती ट्रॉम्बोनवाली म्हणून तिला बँडमध्ये जागा नव्हतीच. दौऱ्यांवर तिने लैंगिक अत्याचारही सोसले, ते ती पुढे मुलाखतीत बोलली. म्हणून सांगते, “तिला खरंच जॅझ कळतं असं दिसलं तर आम्ही मान देऊच की” असं कुणी म्हणू लागलं तर त्याला तिथेच थांबवा. तिला केनी जीशिवाय दुसरं नावही माहीत नसेल. तरीही तिच्याशी नीटच बोलायचं.

ओठांवरच्या शेऱ्याबद्दल तुम्ही प्रश्नात जेमतेम अर्धी ओळ लिहिली आहे. खरं तर तीच सगळ्यात गंभीर बाब आहे. फुंकून वाजवायची वाद्यं हाती घेणाऱ्या बायकांनी हे विनोद पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेत. ‘मी तिला काही बोललोच नाही, व्हिडिओतल्या बाईला बोललो’ ही सबब चालणार नाही, कारण ऐकणारी समोर बसली होती. कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, त्यात नकोसे वाटणारे लैंगिक छटेचे शेरे हे छळाच्या व्याख्येत सरळ लिहिलेले आहेत. जेवणाचं टेबल ऑफिसातच येतं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला असते, निम्म्या तरी सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते. केनी जीवरच्या शेऱ्याने एकट्याने कदाचित या कायद्याचं दार उघडणार नाही. ओठांच्या शेऱ्याने उघडू शकतं. तक्रार करायची की नाही हे ती ठरवेल. त्याबाबत तिला चुचकारायला जाऊ नका आणि ‘सर मनाने वाईट नाहीत’ हे तर तिच्याजवळ अजिबात बोलू नका.

तुम्ही काय करायचं? आधी तिच्याशी बोला, मिनिटभर, उभ्याउभ्या. “त्या दिवशी सर जे बोलले त्यावर मी हसलो. ते माझं चुकलं. तू टेबलावर परत यावंस म्हणून सांगत नाहीये.” एवढं पुरे. मस्करी होती, तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी, असलं काही जोडू नका. त्या ‘असेल तर’मध्ये सगळी माफी विरघळून जाते. ती नुसतं “ठीक आहे” म्हणून कामाला लागेल. लागू दे.

मग सीनियरशी. हे तुम्हाला जड जाणार, मला कल्पना आहे. पण तुम्ही त्यांच्याबरोबर रोज जेवता, तुमचं त्यांच्याशी जमतं, तुमचा शब्द ते हसण्यावारी नेणार नाहीत. “सर, तो व्हिडिओचा विषय मला आवडला नाही, परत नको” असं एका वाक्यात सांगा. आणि पुन्हा झालं तर निदान हसू नका. माझ्या त्या शनिवारी भोवतीच्या तिघांपैकी एकजण जरी गप्प राहिला असता, तरी मला पुढच्या शनिवारी आईचं निमित्त काढावं लागलं नसतं.

उलट टोकालाही जाऊ नका. ती परत आली तर सगळे जपून बोलणार, तिने काही लावलं की माना डोलावणार, हे तर जास्त अपमानाचं. केनी जी तुम्हाला गुळगुळीत वाटत असेल तर तसं म्हणा, कुठे वाटतो ते दाखवा आणि तिचं शेवटपर्यंत ऐकून घ्या. एल्ड्रिजसारखी पैज लावून बघा. नाव झाकायचं, तीन मिनिटं लावायचं, मग प्रत्येकाने बोलायचं. मेरी लू विल्यम्सचा पियानो लावा, मेल्बाची रचना लावा.

माझंही जॅझचं बोलणं पुन्हा सुरू झालं, पण दुसऱ्या नोकरीत आणि पुष्कळ उशिरा. मडगावहून आलेला एक मुलगा माझ्या हाताखाली ट्रेनी होता. संध्याकाळी आवराआवर करताना मी आशा पुथलीचं ते रेकॉर्डिंग हलक्या आवाजात लावलं होतं. तो टेबलापाशी येऊन उभा राहिला, पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, मला हे अजिबात पटलं नाही. आवाज एकीकडे चाललाय आणि बँड दुसरीकडे.” मी म्हटलं, तेच तर त्यातलं सुंदर आहे, ड्रम्सकडे लक्ष दे. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा नाही पटलं. का नाही पटलं ते सांगत तो माझ्याबरोबर चर्चगेटपर्यंत चालत आला. मीही मागे हटत नव्हते. इंडिकेटरखाली उभं राहून आम्ही भांडत होतो आणि माझी सहा बाराची बोरिवली समोरून निघून गेली.