गेन वाढवणे म्हणजे आवाज वाढवणे का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका गिटारशिक्षकांचा प्रश्न आला आहे. डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलरवर (खऱ्या अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रावर) हाय-गेन टोन कसा बसवावा, याची मराठी टिपणे ते आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहीत आहेत. त्यांत ‘गेन वाढवला की आवाज वाढतो’, ‘मिड (मधल्या कंप्रता) फार काढले की आवाज बारीक होतो’ अशी वाक्ये आली आणि मुलांनी त्यांचा भलताच अर्थ घेतला. त्यामुळे ‘हाय-गेन’साठी ‘चढा आवाज’ आणि ‘डिस्टॉर्शन’साठी ‘जवारी’ (तंबोऱ्याच्या घोडीवरून येणारा झणकार) असे शब्द योजावेत का, अशी त्यांची विचारणा आहे.

माझे मत असे की हे दोन्ही शब्द योजू नयेत. खरा घोटाळा मात्र ‘आवाज’ या शब्दाचा आहे, म्हणून आधी त्याकडे वळू. मराठीत ध्वनी, कंठ, ध्वनीचा जोर आणि ध्वनीचा पोत या चारही गोष्टींना आपण ‘आवाज’च म्हणतो. ‘टीव्हीचा आवाज बारीक कर’ या वाक्यात ‘बारीक’ म्हणजे कमी जोराचा. ‘तिचा आवाज बारीक आहे’ यात ‘बारीक’ म्हणजे पातळ किंवा उंच पट्टीचा. आपल्या वाक्यातील ‘बारीक’ दुसऱ्या अर्थाचा होता, मुलांनी तो पहिल्या अर्थाने वाचला आणि मास्टर (एकूण जोराचा नॉब) वाढवला. यात मुलांचा दोष नाही. ‘चढा’ या विशेषणाची अडचण याहून मोठी आहे, कारण संगीतात सूर चढा लागला म्हणजे तो नेमक्या जागेपेक्षा वर लागला, आणि व्यवहारात चढ्या आवाजात बोलणे म्हणजे रागाने, मोठ्याने बोलणे. हाय-गेनमध्ये सूर चढत नाही आणि जोर वाढलाच पाहिजे असेही नाही. तेव्हा ‘चढा आवाज’ दोन्ही बाजूंनी चुकतो.

गेन म्हणजे आत येणाऱ्या संकेताच्या किती पट संकेत बाहेर पडतो ते प्रमाण. गिटारच्या अ‍ॅम्पवरील गेनचा नॉब प्री-अ‍ॅम्पच्या टप्प्यांत संकेत किती रेटायचा हे ठरवतो. एका मर्यादेनंतर तो टप्पा अधिक मोठा संकेत देऊ शकत नाही, लहरीचे माथे सपाट होऊ लागतात (हेच डिस्टॉर्शन), आणि तेथून पुढे नॉब फिरवला तरी जोर फारसा वाढत नाही. वाढतात ते उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर) आणि सुराची लांबी. हळू आणि जोरात छेडण्यातला फरक पुसट होत जातो, आणि पिकअपमधून येणारी खरखर व विजेच्या 50 हर्ट्झची घूं-घूं वर येते. म्हणून टिपणात ‘गेन वाढवला की आवाज वाढतो’ याऐवजी ‘गेन वाढवला की टोन दाट होतो, सूर लांबतो, पण छेडण्यातले बारकावे हरवतात, जोर हवा असेल तर मास्टर किंवा प्रीसेटची (साठवून ठेवलेल्या टोनची) लेव्हल वाढवावी’ असे लिहावे. हा गोंधळ केवळ मराठीचा आहे असेही नाही. मार्शलच्या जेसीएम 800 मालिकेतील 2203 या अ‍ॅम्पवर आपण ज्याला गेन म्हणतो त्या नॉबला ‘प्री-अ‍ॅम्प व्हॉल्यूम’ असे नाव होते, आणि 1998 मध्ये आलेल्या लाइन 6 च्या पॉडवर त्याच कामाच्या नॉबला ‘ड्राइव्ह’ म्हटले होते. एकाच गोष्टीची तीन नावे मॉडेलरच्या पडद्यावर भेटणार असतील, तर त्यांत आपण चौथ्या मराठी नावाची भर घालू नये. ज्या कोल्हापुरात मिरवणुकीतील स्पीकरच्या भिंतीला ‘डॉल्बी’ हे नाव कायमचे चिकटले, तेथे ‘गेन’ रुजायला अडचण येऊ नये.

आता ‘जवारी’. कोल्हापूरच्या माणसाला हा शब्द सुचावा हे स्वाभाविकच आहे. तंबोरे आणि सतारी घडवणारे मिरज जवळच आहे, आणि तेथील या दोन्ही वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. साम्यही वरवरचे नाही, कारण जवारी नीट लागली की उपस्वर उमलतात आणि गेन वाढवला तरी उपस्वर वाढतात. तरीही दोन्हींची घडण वेगळी आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो, कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करते, आणि हे प्रत्येक तारेच्या बाबतीत स्वतंत्रपणे घडते. डिस्टॉर्शन मात्र सर्व तारांचा संकेत एकत्र झाल्यानंतर घडते, त्यामुळे दोन तारा एकदम छेडल्या तर त्या दोन्ही तारांत नसलेल्या कंप्रता निर्माण होतात: दोन्ही कंप्रतांची बेरीज, वजाबाकी आणि पुढची गुंतागुंत.

पॉवर कॉर्डचे (षड्ज-पंचमाच्या जोडीचे) सारे गणित येथे आहे. गिटारची सर्वांत खालची मोकळी तार 82.4 हर्ट्झवर वाजते, तिचा पंचम 123.5 हर्ट्झवर येतो आणि त्यांची वजाबाकी सुमारे 41.1 हर्ट्झ होते, म्हणजे जवळजवळ बरोबर खालचा षड्ज. म्हणून षड्ज-पंचमाची जोडी हाय-गेनमध्ये दोन तारांपेक्षा मोठी आणि भरदार ऐकू येते. तिच्यात गंधार मिसळला की चित्र पालटते, कारण गिटारच्या पडद्यांवरील गंधार शुद्ध गुणोत्तराच्या गंधारापेक्षा जवळपास 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या 14 शतांश, चढा असतो (येथे ‘चढा’ अगदी योग्य), बेरजा-वजाबाक्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि सगळा चिखल होतो. तंबोऱ्यावर असा चिखल होत नाही. डिस्टॉर्शनला जवारी म्हटले, तर गेन भरपूर असताना पूर्ण कॉर्ड का वाजवू नये हे विद्यार्थ्याला शब्दातून कधीच उमगणार नाही.

त्यापेक्षा आपल्याकडच्या साउंडवाल्यांचा एक शब्द उपयोगी आहे: फाटणे. स्पीकर झेपत नसला की ‘आवाज फाटतोय’ असे ते म्हणतात आणि नेमके तेच सांगत असतात. मी असे सुचवेन की हवे असलेले ते ‘डिस्टॉर्शन’ आणि नको असलेले ते ‘फाटणे’, असा भेद टिपणांत सुरुवातीलाच करावा. मॉडेलरच्या बाबतीत हा भेद अत्यावश्यक आहे. नकली अ‍ॅम्पच्या आत लहरीचे माथे सपाट होणे हे अपेक्षित असते, पण गिटारचा संकेत आत येतानाच मॉडेलरच्या मर्यादेबाहेर गेला, किंवा सगळे ब्लॉक (मॉडेलरमधले एकामागोमागचे टप्पे) ओलांडून बाहेर पडताना लेव्हल अतिरिक्त झाली, तर येणारे डिजिटल क्लिपिंग कानाला टोचते आणि गेन कमी करूनही जात नाही. विद्यार्थी दोन्हींना ‘डिस्टॉर्शन’च म्हणत राहिला, तर तो चुकीचा नॉब फिरवत बसेल.

पोताच्या वर्णनासाठी मात्र मराठीने इंग्रजीकडे मुळीच पाहू नये, इतकी आपली शब्दसंपत्ती मोठी आहे. खर्ज अति झाला की टोन ‘घुमतो’. कॅबच्या आयआरवर (स्पीकर-पेटीच्या ध्वनीच्या डिजिटल ठशावर) 80 ते 100 हर्ट्झच्या आसपास लो कट (खालच्या कंप्रता छाटणारा फिल्टर) लावला की तो आवरतो. वरच्या कंप्रता अति झाल्या की तो ‘चिरका’ होतो. हाय कट 6 ते 8 किलोहर्ट्झच्या दरम्यान आणून पाहावा. मिड फार काढले की तो ‘पोकळ’ होतो, आणि आपल्या वाक्यातील ‘बारीक’च्या जागी मला हाच शब्द पसंत आहे. मिड अति झाले की ‘किनरा’. अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमरसारखा पेडल लावून त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल भरपूर ठेवण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे खर्ज अ‍ॅम्पमध्ये शिरण्यापूर्वीच छाटला जातो आणि टोन ‘बांधीव’ होतो. ‘टाइट’ला मी हाच शब्द वापरतो, जरी तरुण वादक ‘टाइट’च म्हणणार हे मला ठाऊक आहे.

‘घरी बसवलेला आवाज हॉलमध्ये बदलतो’ हे आपले आणखी एक वाक्य ‘आवाज’मुळेच संदिग्ध झाले आहे. जोर बदलला म्हणून पोत बदलल्यासारखा वाटतो, हे त्यात म्हणायचे आहे. कमी जोरावर कानाला खर्ज आणि वरच्या कंप्रता कमी ऐकू येतात, ही गोष्ट फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये मोजून दाखवली. म्हणून घरी हळू वाजवताना वादक त्या वाढवतो, मिड काढतो, आणि हॉलमध्ये तोच प्रीसेट घुमतो, टोचतो आणि ड्रमच्या मागे लपतो. टिपणात ‘प्रत्यक्ष वाजवायच्या जोरावरच टोन बसवावा’ असे लिहिले, तर दोन्ही शब्द आपापल्या जागी राहतात.

लिंगाविषयीही आपण ओझरते विचारले आहे. ‘गेन’, ‘टोन’, ‘नॉब’, ‘प्रीसेट’ पुल्लिंगी, ‘लेव्हल’ स्त्रीलिंगी आणि ‘डिस्टॉर्शन’ नपुंसकलिंगी चालवावे. बोलण्यात हीच रूपे रुळलेली आहेत. ‘पेडल’ कोणी पुल्लिंगी तर कोणी नपुंसकलिंगी वापरतात, तेव्हा एक निवडून टिपणभर तेच ठेवावे.