ॲडव्हान्स घेऊन गायब झाला तर?

कंत्राटदाराबद्दल विचारायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात हीच धास्ती असते. ठाण्यातल्या एका निवृत्त जोडप्याला 7 बाय 5 फुटांचं बाथरूम नवं करून घ्यायचं होतं. हातात दोन कोटेशनं होती. स्वस्तातल्यावर एकच ओळ : ‘बाथरूम कम्प्लीट, 260 चौ. फूट टाइलसह, लमसम. 50 टक्के ॲडव्हान्स.’ लमसम म्हणजे सगळ्याची मिळून एकच रक्कम. काकांचा कल तिकडेच होता, कारण माणूस गोड बोलत होता.

आधी टेप काढायला लावली. जमीन 35 चौ. फूट. भिंतींची एकूण लांबी 24 फूट, टाइल 7 फुटांपर्यंत, म्हणजे 168. दरवाजाचे साधारण 17 वजा. बेरीज 186 आणि तुटफुटीचे 10 टक्के धरून 205 च्या आसपास. मग 260 कशाचे? शिवाय तोडफोड, राडारोडा उचलणं, नवी पाइपलाइन, वॉटरप्रूफिंग यांचा कागदावर पत्ताच नव्हता. ‘ते एक्स्ट्रा’ हे फरशी उखडल्यावरच कानावर येतं आणि तेव्हा कामही सोडता येत नाही.

दोघांनाही आयटमवार दर मागितले. गोड बोलणारा म्हणाला, “एवढ्याशा कामाला लिखापढी कसली?” तो आपोआप गळला. दुसऱ्याने लिहून दिलं. त्याची जुनी कामं बघताना काकूंना सांगितलं होतं, बाथरूम पाहू नका, खालच्या फ्लॅटचं छत पाहा. दोन वर्षांपूर्वीच्या कामाखाली ते कोरडं असेल, तर चकचकीत फोटोंपेक्षा तो पुरावा भक्कम.

टाइल आणि नळ घरच्यांनीच घ्यायचे ठरलं. बिल आणि वॉरंटी त्यांच्या नावावर राहते आणि कंत्राटदाराला मोठी उचल मागायला कारणच उरत नाही. बाकीच्या रकमेचे हप्ते असे : सुरुवातीला 10 टक्के, पाइपमध्ये पाण्याचा दाब देऊन दाबमापकाचा काटा उतरत नाही हे पाहिल्यावर 25, वॉटरप्रूफिंगच्या चाचणीनंतर 25, टाइल झाल्यावर 30 आणि शेवटचे 10 महिनाभर वापर झाल्यावर. मिस्त्रीने कुरकुर केली, पण ऐकलं. सोसायटीची परवानगी आणि खालच्यांना आगाऊ कल्पना, हेही कामाआधीच उरकलं.

वॉटरप्रूफिंगची चाचणी म्हणजे नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जाळीतून जिथे जातं ते तोंड) बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी 48 तास तुंबवून ठेवायचं आणि भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करायची. दुसऱ्या सकाळी पाणी खुणेच्या अर्धा इंच खाली होतं. बाष्पीभवनाने एका रात्रीत एवढं उतरत नाही. ट्रॅपच्या गळ्याशी सांधा नीट भरलेला नव्हता. टाइल लागली असती तर हेच पाणी चार महिन्यांनी खालच्यांच्या छतावर दिसलं असतं. मिस्त्रीने सांधा उकरून पुन्हा भरला, वॉटरप्रूफिंगचे कोट दिले, पुन्हा 48 तास पाणी ठेवलं. हप्ता त्यानंतरच गेला.

एवढं करूनही काम अर्धवट टाकलंच, तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते आणि जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत जाता येतं. कामासाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. मात्र पुराव्यासाठी पैसे रोख न देता बँकेतून दिलेले हवेत आणि सही केलेलं आयटमवार कोटेशन हाताशी हवं.