कमीत कमी म्हणजे जास्त

"मॅडम, याला चिन्हं उलटी दिसतात. डिस्लेक्सिया तर नसेल ना?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईने वही माझ्यापुढे सरकवली. मुलगा आठवीत, आयसीएसई बोर्डाच्या शाळेत. पाचवीपर्यंत मराठी माध्यम. बीजगणितातल्या असमानतेच्या धड्यावर चाचणी झाली होती, २० पैकी ७. पानभर लाल फुल्या, आणि जवळजवळ प्रत्येक फुली लहान-मोठं दाखवणाऱ्या चिन्हावर.

हा प्रश्न घेऊन वर्षाला पाच-सात पालक तरी माझ्याकडे येतात. धडा बदलतो, भीती तीच.

मी दहा जोड्या लिहून दिल्या. ७ आणि ४, ०.५ आणि ०.०५, अशा. त्याने भराभर चिन्हं भरली. −३ आणि −८ पाशी जरा थबकला, पण तेही बरोबर. उतारा वाचून घेतला, चार ओळी लिहून घेतल्या. अडखळणं नाही, अक्षरांची उलटापालट नाही. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता एका धड्यापुरती येत नाही. ती वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांत बहुधा बरीच आधीपासून जाणवत असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिचा समावेश आहे, तेव्हा शंका असेल तर तपासणी करून घेण्यात कसलाच कमीपणा नाही. इथे मात्र मला शंका वाटेना. मग चुकतं कुठे?

मीही आधी भलतीकडेच गेले. सुसरीचं तोंड मोठ्या आकड्याकडे उघडतं, हे चित्र काढून दाखवायला लागले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे तिसरीतलं आहे."

मग मी वहीतली उदाहरणं त्याला मोठ्याने वाचायला लावली. पास व्हायला 'ॲट लीस्ट ३५' गुण लागतात, असं एक होतं. तो पुटपुटला, "ॲट लीस्ट... कमीत कमी..." आणि हात ≤ कडे गेला. पुढचं, 'ॲट मोस्ट ५०'. "जास्तीत जास्त..." लगेच ≥.

सापडलं! पोरगं मनात इमानदारीत मराठी करत होतं, आणि 'कमीत कमी' मधला 'कमी' ऐकून पेन चालवत होतं. तिसरी चूक तर आणखी गोड. 'अठरापेक्षा मोठा' असं आपण म्हणतो तेव्हा अठरा आधी येतो, म्हणून त्याने लिहिलं होतं १८ > क्ष. शब्दांच्या क्रमाने पाहिलं तर त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

आईला मी सांगितलं, "ताई, याला दिसतंय नीट. हा शब्द मोजतोय, अर्थ नाही." तिचा चेहरा पटकन सैलावला नाही. घरी रोज रात्री तीच गणित घ्यायची आणि 'कमीत कमी' हा शब्दही तिचाच होता. तो बदलायचा नाही, हे मी मुद्दाम सांगितलं. घरची भाषा ही अडचण नव्हे.

मी फक्त क्रम उलटा केला. आधी संख्यारेषा, चिन्ह शेवटी. रेषेवर ३५ मांड. आता एक आकडा घालून बघ: २० मिळाले तर पास? नाही. ८०? हो. मग ८० च्या बाजूला बाण. बरोब्बर ३५ मिळाले तर? पास, म्हणजे ३५ वर भरीव ठिपका. चालत नसते तर पोकळ वर्तुळ. एवढं झालं की चित्राकडे बघून लिहायचं: क्ष ≥ ३५.

दुसऱ्या भेटीला आम्ही खाली लिफ्टपाशी गेलो. आतल्या पाटीवर लिहिलं आहे: ६ व्यक्ती, ४०८ किलो. "माणशी ६८," त्याने बघता बघता भागून टाकलं. दोन रेषा काढायला सांगितल्या. माणसांच्या रेषेवर त्याने १ ते ६ असे सहा ठिपके दिले. ठिपकेच का, सलग रेघ का नाही? "साडेतीन माणसं कशी चढतील?" बरोबर. पण रिकामी लिफ्ट चालत नाही का? मग शून्यावर सातवा ठिपका आला. वजनाची रेघ मात्र सलग, ४०८ वर भरीव ठिपका. डावीकडे बाण काढता काढता तो थांबला. "पुस्तकात बाण पुढे जातच राहतो. इथे उणे वजनाचा माणूस कुठून आणू?" रेघ त्याने शून्यावर तोडली. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

तिसऱ्या भेटीला आई सोबत होती. मी −२क्ष < ६ दिलं. ऋण संख्येने भागलं की चिन्ह फिरतं, हा नियम तो अजूनही विसरतो. याही वेळी त्याने क्ष < −३ लिहिलं, बाण डावीकडे. आई पुढे झुकली आणि तिच्या तोंडून "अरे, उल—" एवढंच निघालं.

"थांब गं, घालून बघतो." त्याने −५ घातला. दहा आले, दहा सहापेक्षा लहान नाहीत. मग शून्य घातलं, ते बसलं. त्याने बाण खोडला, उजवीकडे काढला, −३ वरचं वर्तुळ पोकळ आहे ना ते पाहिलं आणि मगच चिन्ह फिरवलं.