अल्बमला 'कात्री' लागते का?

प्रश्न असा आलाय : "हुकूमशहा फ्रँकोच्या काळातल्या स्पेनमधल्या रॉक संगीतावर लिहितोय. 'सरकारने अल्बमला कात्री लावली' हे चालेल का? की 'अभ्यवेक्षण' म्हणू?"

अभ्यवेक्षण (म्हणजे सेन्सॉर करणं) राहू द्या. शब्द चुकीचा नाही, पण वाचक तिथेच ठेचकाळेल. नाटकांसाठी आपल्याकडे 'परिनिरीक्षण मंडळ' आहे, तरी नाटकवाले संहिता 'सेन्सॉर करून' आणतात. सेन्सॉर केव्हाच मराठी झालाय. (मुळातला सेन्सॉर म्हणजे प्राचीन रोमचा अधिकारी. लोकांची शिरगणती आणि त्यांच्या चालचलणुकीवर नजर, दोन्ही कामं त्याच्याकडेच!)

कात्रीची मात्र गोची आहे. पगाराला, बजेटला, सिनेमाला कात्री लागते तेव्हा काहीतरी कमी होतं. आता १९७१ चा रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचा 'स्टिकी फिंगर्स' अल्बम घ्या. मूळ वेष्टनावर जीन्सचा पुढचा भाग आणि त्याला खरीखुरी चेन. स्पेनमध्ये त्याऐवजी आला पाकाचा डबा, आणि त्यातून वर आलेली माणसाची बोटं. मला विचाराल तर हे जास्त किळसवाणं, पण त्या राजवटीला जीन्सच खुपली. आतलं 'सिस्टर मॉर्फीन' गेलं, त्या जागी 'लेट इट रॉक'चं कार्यक्रमातलं ध्वनिमुद्रण आलं. म्हणजे गाणी दहाची दहाच! 'कात्री' वाचून माणूस नऊ मोजेल.

म्हणून मी लिहीन : 'सेन्सॉरपायी वेष्टन बदललं आणि एक गाणंही.' 'सेन्सॉरने' म्हटलं की हात कोणाचा ते आपणच ठरवून मोकळे होतो. वरून हुकूम आला की कंपनीनेच धसका घेतला, 'पायी'मध्ये दोन्ही मावतं.

'गळचेपी' इथे खर्चू नका. ती चेकोस्लोव्हाकियातल्या 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या रॉक बँडसाठी ठेवा. १९७० च्या सुमारास त्यांचा व्यावसायिक परवाना गेला, मग चोरूनमारून कार्यक्रम, आणि १९७६ मध्ये त्या गोतावळ्यातल्या चौघांना प्रागच्या कोर्टाने तुरुंगात धाडलं. अल्बम निघाला तो १९७८ मध्ये, फ्रान्समध्ये. कात्री चालवायला मायदेशात अल्बमच नव्हता.

त्यांच्यावरच्या आरोपासाठी 'शांतताभंग' लिहावंसं वाटेल. पण चेक कायद्यातल्या त्या शब्दाचा तुच्छतेचा सूर 'हुल्लडबाजी'त नेमका उतरतो. तोच वापरा.