काळवंडलेल्या सॉकेटमधलं काय ठेवायचं, काय टाकायचं

ताई, तुम्ही लिहिलंय की ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गीझरचा १६ अँपिअरचा सॉकेट फेजच्या भोकाभोवती तपकिरी झालाय, दोन दिवस जळका वास येत होता आणि प्लगटॉप ओढताना चिकटून बसला होता. भाऊजी म्हणतात, आतलं पितळ पॉलिश पेपरने घासून पकडीने जरा दाबलं की चालेल. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पडला नाही म्हणजे फार काही झालेलं नाही, असंही त्यांचं म्हणणं. मग बदलायचं काय आणि ठेवायचं काय?

तो सॉकेट परत लावू नका. घासलात, दाबलात तर तो चालेल हे खरं आहे, पण थोडे दिवसच. सॉकेटच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात आणि प्लगची पिन त्यांच्या स्प्रिंगसारख्या दाबाने धरली जाते. पट्टी एकदा चांगली तापली की मऊ पडते आणि तो दाब कायमचा जातो. पकडीने आकार परत येतो, ताण येत नाही. पिनवरची पट्टीची पकड सैल झाली की जागा तापते, तापली की धातूवर काळा थर चढतो, त्या थराने आणखी तापते. तुमचा गीझर २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर घेतो. त्या सैल जागी ०.१ ओहम एवढासा जरी अडथळा आला, तरी तिथे १७ वॅट उष्णता तयार होते. डाग द्यायचं छोटं सोल्डरिंग आयर्न जवळपास एवढ्याच वॅटचं असतं. ते भिंतीतल्या बंद खोक्यात रोज चालू ठेवल्यासारखं आहे हे.

एमसीबी पडला नाही याचंही उत्तर इथेच आहे. करंट १३ अँपिअरच होता, वाढलाच नाही. एमसीबीला फक्त जास्त करंट कळतो, लांब बाथरूमच्या भिंतीत एक स्क्रू तापलाय हे त्याला कळायची सोय नाही. म्हणून तो बिघडलेला नाही, राहू द्या. फक्त त्याचा आकडा बघा. २.५ चौरस मिमीच्या वायरवर कुणी ३२ अँपिअरचा बसवून ठेवला असेल, तर तो मात्र काढा.

प्लगटॉप सॉकेटबरोबरच टाका. ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघितली आहे: सॉकेट नवीन, प्लग जुना. पिनवर खड्डे पडलेले असतात, ती नव्या पट्टीवर नीट टेकत नाही आणि काही महिन्यांत नवा सॉकेटही काळा होतो. मग लोक कंपनीला नावं ठेवतात.

स्विचचा निर्णय बघून घ्या. खटका खणखणीत असेल, मागचे स्क्रू स्वच्छ असतील, प्लास्टिकचा रंग बदललेला नसेल, तर ठेवा. स्विचपासून सॉकेटपर्यंतचा वायरचा छोटा तुकडा मात्र नवीनच घाला. जुन्या बेकलाइटच्या बोर्डांचं वेगळं असतं. बेकलाइट वितळत नाही, त्याचा कोळसा होतो आणि त्या कोळशातून करंट सरपटतो. वरून कितीही घासा, तो बोर्ड गेला.

आता वायर. इथे घाई करू नका. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेलं असतं. त्याच्यापुढे ते कडक होतं, तडकतं. टोकापासून थोडी थोडी कापत मागे जा. सोलल्यावर तांबं चिंच लावून घासलेल्या तांब्यासारखं लखलखीत दिसलं पाहिजे, आणि आवरण वाकवल्यावर चीर पडता कामा नये. काळी तार स्क्रूखाली कितीही आवळलीत तरी चांगली टेकत नाही. कापून वायर तोकडी पडली, तर खोक्यातच तुकडा जोडून टेप गुंडाळू नका. पाइपमधून नवीन वायर ओढून घ्या. ३ किलोवॅटला मी ४ चौरस मिमीची घालतो.

भिंतीतला लोखंडी खोका गंजलेला नसेल तर राहू दे. वरची प्लेटही वाकडी झालेली नसेल तर पुसून लावा. ज्यातून करंट जात नाही, ते टाकायचं कारण नाही.

‘चालतंय ना’ ही परीक्षा सुरक्षेच्या वस्तूंना लावू नका, हे कळकळीने सांगतो. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला माझ्या आत्याच्या घरात पाणी शिरलं. नंतर सगळं उन्हात वाळवलं, आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) परत बसवला, दिवे लागले, सगळे खूश. मी गेल्यावर त्याचं टेस्टचं बटण दाबलं. तो पडलाच नाही. उघडला तर आत गाळ वाळून बसलेला. दिवे लावणं हे त्याचं काम नव्हतंच. कुणाला शॉक बसला तर ३० मिलिअँपिअरला लाइन तोडणं हे त्याचं काम, आणि तेच तो विसरला होता. पुरात बुडालेला एमसीबी किंवा आरसीसीबी कितीही महागाचा असो, तो बाद. तुमच्या बाथरूमच्या लाइनवर आरसीसीबी आहे का, तेही आजच बघा. मुलं तिथेच अंघोळ करतात.

हे काम परवानाधारक वायरमनकडून, मेन बंद करून करून घ्या. त्याने टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो का हे बघितलं पाहिजे आणि मगच तुमच्या सॉकेटला लावला पाहिजे. काढलेला सॉकेट हातोडीने फोडूनच टाका. तो अख्खा कचऱ्यात गेला, तर कुणीतरी उचलून पुसून पुन्हा भिंतीत लावतो. वायरचे तुकडे भंगारवाल्याला द्या, तांब्यासाठी जाळू नका. पीव्हीसीचा धूर छातीला वाईट.

नवीन बसवल्यावर पहिल्या दिवशी गीझर दहा मिनिटं चालवा, स्विच बंद करा, प्लग ओढून काढा आणि बोटं कोरडी आहेत ना बघून पिनांना हात लावा. कोमट लागल्या तर चालेल. बोट टेकवून ठेवता येत नसेल, तर त्याच दिवशी वायरमनला परत बोलवा, कुठला तरी स्क्रू आवळायचा राहिलाय. आठवड्याने पुन्हा एकदा बघा आणि काय झालं ते इथे कळवा.