‘घरात दोघंच उरलो, आता बोलायचं काय?’

मुलं नोकरीला बाहेरगावी गेली, साहेब रिटायर झाले आणि घरात दोघंच उरली, की वर्षभराच्या आत एक तक्रार हमखास माझ्याकडे समुपदेशनासाठी येते. भांडण नाही, व्यसन नाही, पैशाची ओढाताण नाही. फक्त बोलायला विषय नाही. नागपुरात ही तक्रार बहुधा बाईच घेऊन येते. येताना तोंड बारीक करून येते, कारण बहिणीनं किंवा जावेनं तिला आधीच ऐकवलेलं असतं, ‘सगळं सुखात आहे म्हणून तुला हे सुचून राहिलं.’

सुनंदाताई अशाच आल्या. (नाव बदललं आहे, ओळखीच्या खुणाही.) नवरा वीज खात्यातून निवृत्त झालेला. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला. ‘सकाळी फिरून येतात, पोहे खातात, मग मोबाइल. दुपारी न्यूजवाल्यांची भांडणं. मी आतल्या खोलीत सिरीयल लावते. संध्याकाळी मी विचारते भाजी काय करू, ते म्हणतात कर काहीही. झालं, दिवसाचं बोलणं संपलं, मॅडम.’

अशा वेळी मी आधी संसाराकडे बघत नाही, कानाकडे बघते. साठीच्या पुरुषाला ऐकू कमी यायला लागलं की तो कबूल करत नाही, गप्प बसतो, आणि घरच्यांना वाटतं की तुसडा झाला. झोप, भूक, विसरभोळेपणा, आवडीच्या गोष्टींतून मन उडणं हेही विचारून घेते, कारण अबोला म्हणजे कधीकधी नैराश्याची सुरुवात असते आणि तिथे डॉक्टर आधी लागतो. इथे तसं काही निघालं नाही. कान ठणठणीत होते. गृहस्थ पुढच्या वेळी स्वतः आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, ‘हिला काय त्रास आहे तेच मला समजत नाही. मी तर काहीच बोलत नाही.’

‘एकमेकांना आवडणाऱ्या गोष्टी सांगा’ छापाचा गृहपाठ मी या वयाच्या जोडप्यांना देत नाही. साठीतल्या आपल्याकडच्या माणसाला बायकोसमोर बसवून ‘मला तुझं काय आवडतं’ म्हणायला लावणं म्हणजे भर मे महिन्यात त्याला स्वेटर घालायला लावणं. तो घालेल, पण घामाघूम होईल आणि पुन्हा तुमच्याकडे फिरकणार नाही. त्यापेक्षा दोघांच्या मधे तिसऱ्याच कुणाची तरी गोष्ट ठेवलेली बरी. तीही खऱ्या माणसाची. म्हणून मी डॉक्युमेंट्री सुचवते.

काका हसले. ‘डॉक्युमेंट्री म्हणजे ती सिनेमाच्या आधी दाखवायचे तीच ना? पूर, धरण, कुटुंबनियोजन? तेवढ्यात आम्ही बाहेर जाऊन पान खाऊन यायचो.’

त्यांचं खोटं नव्हतं. फिल्म्स डिव्हिजन हे सरकारचं माहितीपटांचं खातं 1948 साली निघालं आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्या फिल्म आणि वार्तापट थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी सक्तीनं दाखवले जात. एका अख्ख्या पिढीनं त्या पान खात चुकवल्या. पण त्याच खात्यातून एस. एन. एस. शास्त्रींनी 1967 साली ‘आय ॲम 20’ काढली होती. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या, विशीतल्या पोरापोरींना नुसतं बोलतं केलंय. वीसेक मिनिटांचा मामला, पण त्यातला एकेक चेहरा आजही ताजा वाटतो. ज्यांची मुलं विशीत आहेत त्यांना मी ही आधी बघायला सांगते.

काकांसाठी मात्र मी दुसरीच काढली. माझा एक नियम आहे. फिल्म निवडताना बक्षिसांची यादी बघायची नाही, घरात जो गप्प आहे त्याचं हातातलं काम बघायचं. फिल्म अशी हवी की तिच्याहून जास्त त्यालाच माहीत असेल. मग त्याला गप्प बसणं जमत नाही.

वीज खात्यातल्या माणसासाठी असली फिल्म तयारच आहे: ‘कटियाबाज’, 2013 ची, दीप्ती कक्कर आणि फहाद मुस्तफा यांची. गोष्ट कानपूरची. तासन् तास वीज नसलेलं शहर, आणि लोखंडासारखा म्हणून लोहा सिंग नावानं ओळखला जाणारा एक माणूस, जो उघड्या हातांनी तारांवर आकडे टाकून गल्ल्यांना चोरून वीज देतो. दुसरीकडे वीज कंपनीची सूत्रं हाती घेतलेल्या आयएएस अधिकारी रितू माहेश्वरी. त्यांना वसुली करायची आहे, चोरी थांबवायची आहे. फिल्म कुणालाच खलनायक करत नाही. तुम्ही एकदा ह्याच्या बाजूनं होता, एकदा तिच्या. शिवाय बोलणं कानपुरी हिंदीतलं, म्हणजे इंग्रजी सबटायटलं वाचत बसायची गरज नाही. नागपूरकराला हिंदीचं काय कौतुक!

अटी तीन घातल्या. रिमोट सुनंदाताईंच्या हातात. मधे कितीही वेळा थांबवायची मुभा. आणि संपल्यावर ‘कशी वाटली’ विचारायचं नाही, त्याऐवजी विचारायचं, ‘खरंच असं असतं का?’ पहिल्या प्रश्नाला ‘बरी होती’ असं उत्तर मिळतं. दुसऱ्याला काय मिळतं ते पुढच्या भेटीत सुनंदाताईंनीच सांगितलं.

‘दहा मिनिटंही झाली नसतील, हे उठून टीव्हीजवळ गेले. कूलर बंद केला, एवढ्या गर्मीत! म्हणे ऐकू येऊन नाही राहिलं. मग मला म्हणतात, थांबव. स्क्रीनवर बोट ठेवून दाखवून राहिले की हा जम्पर, हा फ्यूज. म्हणे आकड्यांचा लोड वाढला की डीपीतला फ्यूज सारखा उडतो, म्हणून लोक त्यात जाड तार घालतात. मग फ्यूज उडत नाही, अख्खा ट्रान्सफॉर्मरच जळतो, आणि शिव्या आम्हाला.’ त्या थोड्या थांबल्या. ‘मॅडम, हे रात्री दोनला फोन आला की जायचे. सकाळी दारात चिखलाचे बूट असायचे. ते मी धुवायची. रात्री नेमकं काय करून येतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.’

दीड तासाचीही नसलेली फिल्म त्यांनी दोन रात्री पुरवली.

यानंतर त्यांना वाटलं की गाडी लागली रुळावर. मला तसं वाटत नव्हतं. फिल्म बघून संसार सुधारत नसतो. त्यातून एखादं जुनं दार किलकिलं होतं, आणि दारामागे काय निघेल याची तयारी समुपदेशकानं ठेवायची असते.

पुढची फिल्म सुनंदाताईंनीच मागितली, माहेरच्या मातीतली. त्यांचं माहेर यवतमाळकडचं, घरी कापूस. मी जरा घुटमळले. दीपा भाटियांची ‘नीरोज गेस्ट्स’ (2009) मला ठाऊक होती. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा माग काढत घरोघर फिरतात, आणि शहरातल्या सभांतून तेच सांगत राहतात. नाव रोमच्या नीरोवरून आलंय. त्याच्या मेजवानीत उजेड पडावा म्हणून बंदिवानांना जाळलं, अशी ती हकीकत. साईनाथांचा रोख नीरोवर नाही, त्या उजेडात निवांत जेवणाऱ्या पाहुण्यांवर आहे. तासाभराची फिल्म, पण पुण्या-मुंबईच्या घरात ती बघणं वेगळं आणि विदर्भातल्या घरात वेगळं. इथे ती ‘तिसऱ्याची गोष्ट’ राहत नाही. घरात असा मृत्यू झालेला असेल, किंवा कुणी सध्या खचलेलं असेल, तर मी ती सुचवतच नाही. सुनंदाताईंना तसं स्पष्ट विचारलं, आणि मगच नाव दिलं. दिवसाउजेडी बघा, रात्री नको, हेही बजावलं.

त्यांनी ती अर्ध्यावर बंद केली. फिल्म जड गेली म्हणून नाही. मधेच त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘दादाचं कनेक्शन कापलं तेव्हा तुम्ही एक फोन केला नाही.’

थकबाकीपायी भावाच्या कृषिपंपाची वीज तोडली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी. ऐन ओलिताच्या दिवसांत. काका तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होते, तोडणारे दुसरे होते. बहिणीनं नवऱ्याला ‘साहेबांना सांगून बघा’ म्हटलं, नवरा ‘बघतो’ म्हणाला आणि त्यानं फोन केला नाही. भावानं उसनवारी करून पैसे भरले, पंप सुरू झाला, तो विषय घरात परत कधी निघाला नाही. म्हणजे या दोघांकडे बोलायला विषय नव्हता असं नाही. एक होता, आणि तो आडवा पडला होता म्हणून बाकीच्यांना वाट नव्हती.

भांडण जोरदार झालं. सुनंदाताईंचा मला रडत फोन आला, ‘याच्यापेक्षा गप्प होते तेच बरं होतं.’ मी दोघांना एकत्र बोलावलं. ती बैठक लांबली. काका आधी नियम सांगत बसले, थकबाकी किती, वरून यादी कशी येते, एकाला सोडलं तर गावातले दहा जण येतात. मग मी त्यांना विचारलं, नियम राहू द्या, त्या दिवशी तुमच्या मनात काय होतं? बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः एका गावात असेच पंप तोडले होते. एक म्हातारा त्यांच्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहिला होता. काही बोलला नाही. ‘त्याला नाही सोडलं, मग साळ्यासाठी कोणत्या तोंडानं फोन करू?’ आणि पुढे, ‘हिला सांगितलं असतं तर ही म्हणाली असती, मग त्यालाही सोडायचं होतं.’

‘म्हटलंच असतं,’ सुनंदाताई म्हणाल्या.

तिथून पुढचं काम फिल्मचं नव्हतं, माझं होतं, आणि ते अजून चालू आहे. दिवाळीत दोघं यवतमाळला जाऊन आले. भाऊ-मेहुण्यांत काय बोलणं झालं ते मला सांगितलेलं नाही. कृषिपंपाला रात्रपाळीची वीज आली की भाचा बॅटरी घेऊन ओलिताला जातो, त्याच्यासोबत काकाही बांधापर्यंत गेले होते, एवढं मात्र कळलं.

अशाच तक्रारीनं बसलेल्या इतरांसाठी थोडं सांगते. सुरुवात जंगली प्राण्यांच्या फिल्मपासून करू नका. सुंदर असतात, आणि वीस मिनिटांत दोघंही घोरतात. ओटीटीवरच्या खुनांच्या मालिकाही नकोत. त्या बघून लोक खुनाबद्दल बोलतात, एकमेकांबद्दल नाही. घरात यंत्रमाग, टेलरिंग, जोडधंदा, किंवा तरुणपणी नाटक-सिनेमाचं वेड असेल तर फैजा अहमद खान यांची ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (2008) घ्या. यंत्रमागांच्या गावात नासिर शेख नावाचा अवलिया स्वतःचा सुपरमॅन काढतो. त्याचा सुपरमॅन किडकिडीत यंत्रमाग कामगार, आणि शूटिंगच्या ऐन भरात कॅमेराच पाण्यात पडतो. हसता हसता घशाशी येतं. जत्रेत तंबूतला सिनेमा बघितलेल्यांनी शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांची ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (2016) बघावी. आपल्याच महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजवाल्यांची आहे, ट्रक, तंबू, जुने प्रोजेक्टर आणि ते जिवापाड दुरुस्त करणारा मेकॅनिक. कान महोत्सवात तिचं कौतुक झालं आणि इथे फारशा कुणाला पत्ता नाही. हे आपलं नेहमीचंच.

मुलगा तिशीला आला तरी ‘सेटल’ होत नाही म्हणून झुरणाऱ्या आईबापांना मी इंग्लंडची ‘अप’ मालिका सांगते. 1964 मध्ये सात वर्षांची चौदा मुलं निवडली आणि दर सात वर्षांनी त्यांच्या घरी कॅमेरा नेला, 2019 मध्ये ती त्रेसष्ट वर्षांची होईपर्यंत. त्यातला नील अठ्ठाविसाव्या वर्षी बेघर, स्कॉटलंडमध्ये भटकणारा दिसतो. पुढे तोच स्थानिक राजकारणात निवडून आलेला. सगळे भाग बघायची गरज नाही, नीलचे शोधून बघा.

फिल्म्स डिव्हिजन आणि पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट या दोघांच्या कितीतरी फिल्म यूट्यूबवर फुकट आहेत. आणि गप्प माणूस जेवत नसेल, झोपत नसेल, ‘आता माझं काय राहिलंय’ असं म्हणत असेल, तर फिल्मबिल्म राहू द्या. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फिरवा किंवा थेट मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

सुनंदाताईंना मी चिलीच्या मायते अल्बर्दी यांची ‘द मोल एजंट’ (2020) सुचवली होती. 83 वर्षांचे सर्जिओ वृद्धाश्रमात हेर म्हणून शिरतात आणि त्यांना गुन्हा सापडत नाही, एकटेपणा सापडतो. काकांनी वृद्धाश्रम हा शब्द ऐकूनच नकार दिला. त्यांनी एकटीनं लावली, स्पॅनिश बोलणं आणि इंग्रजी अक्षरं बघून वैतागल्या, ‘मॅडम, वाचू का बघू?’ तरी शेवटपर्यंत पाहिली.

परवा त्यांचा फोन आला तो शेजाऱ्यांसाठी. शेजारचे आरएमएसमधून, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेतून, रिटायर झालेत, रात्ररात्र धावत्या गाडीत टपाल लावण्यात नोकरी गेली, आणि आता त्यांची बायको सुनंदाताईंकडे येऊन तेच रडगाणं गाते. मी ‘नाइट मेल’ सांगितली, ब्रिटनची, 1936 ची, पंचवीसेक मिनिटांची. लंडनहून स्कॉटलंडला रात्री जाणारी डाकगाडी, डब्यात उभ्यानं पत्रं लावणारे कर्मचारी, आणि गाडी न थांबवता टपालाच्या पिशव्या उचलायची ती करामत.

‘इंग्रजी आहे का पण?’ त्या कुरकुरल्या.

म्हटलं, आहे. शेजारचे काका सांगतील ना समजावून.